सिस्टरबाईंची ट्रंक आणि गाण्याच्या वह्या

मिलिटरी हॉस्पिटलांत नोकरी करून गावी परतलेली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं संगीतावर लिहीत राहिलेली बाई गेली, की खान्देशात तिच्यावर दोन ओळी छापून येतात. फौजेत सिस्टर होत्या, गाण्याची आवड होती. दोन्ही ओळी अपुऱ्या आहेत. ती कमिशन्ड अधिकारी होती आणि तिचं लिखाण हे रीतसर काम होतं. तरीही असं छापलं जातं, कारण घरात तिचे कागद दोन ठिकाणी असतात. नोकरीचे ट्रंकेत, गाण्याचे कपाटात. ट्रंक भावाच्या मुलांकडे जाते आणि वह्या-कॅसेटी लेकीकडे किंवा थेट भंगारवाल्याकडे. हे दोन ढीग एकत्र ठेवल्याशिवाय तिचं आयुष्य नीट लिहिता येत नाही, कारण एका ढिगातल्या तारखा दुसऱ्या ढिगातल्या गोष्टी उलगडून दाखवतात. ते कसं करायचं, ते इथे लिहितो.

सुरुवात ट्रंकेपासून करा, आणि आधी बाहेरून बघा. काळ्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, रँक आणि नाव लिहिलेलं असतं. पुष्कळदा एका नावाखाली दुसरं, पुसट झालेलं, जुन्या रँकचं किंवा माहेरच्या आडनावाचं असतं. घर आवरताना कुणीतरी ट्रंक घासून धुतो किंवा ऑइलपेंट मारून गोधड्या ठेवायला घेतो, आणि पहिला पुरावा तिथेच जातो. उजेड एका बाजूने, तिरका पडेल असा धरून मोबाईलवर फोटो काढा. पुसलेली अक्षरं समोरून दिसत नाहीत, तिरक्या उजेडात दिसतात.

नंबरच्या आधीची इंग्रजी अक्षरं महत्त्वाची. एनआर किंवा एनएस असेल तर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस (एमएनएस), एनआर म्हणजे रेग्युलर आणि एनएस म्हणजे शॉर्ट सर्व्हिस. एमआर, एमएस असेल तर ती आर्मी मेडिकल कोअरमध्ये डॉक्टर. डब्ल्यूएस असेल तर १९९२ नंतर स्त्रियांना इतर शाखांत घ्यायला सुरुवात झाली तेव्हाची. घरचे लोक या तिघींनाही ‘मेडिकलमध्ये होती’ किंवा ‘मिलिटरीत होती’ एवढंच सांगतात, म्हणून ही अक्षरं आधी उतरवून घ्या. एमएनएसची मुळं १८८८ मध्ये मुंबईला उतरलेल्या दहा ब्रिटिश नर्सेसपर्यंत जातात. १९२६ मध्ये ती कायम सेवा झाली आणि १९४३ च्या वटहुकुमाने तिथल्या नर्सेस कमिशन्ड अधिकारी झाल्या. तेव्हा ‘नर्स होती, ऑफिसर नव्हती’ असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर ही पदं तिथे खरीखुरी आहेत, मानाची म्हणून दिलेली नाहीत. फार जुन्या पिढीतली बाई असेल तर विमेन्स ऑक्झिलियरी कोअर हाही शब्द कागदांत सापडेल. ते दल १९४२ मध्ये उभं राहिलं आणि स्वातंत्र्याच्या सुमाराला मोडलं. त्यातल्या बायका कारकुनी, टेलिफोन, सांकेतिक संदेश अशी कामं करत. तिला परिचारिका म्हणून लिहू नका.

जवानाकडे असतं तसं डिस्चार्ज बुक अधिकाऱ्याकडे नसतं. ते सापडत नाही म्हणून ‘कागदच नाहीत’ असं म्हणून शोध सोडू नका. कमिशनचं पत्र, बदल्यांचे हुकूम, सेवामुक्तीचा हुकूम, पेन्शन असेल तर पीपीओ (पेन्शन देण्याचा हुकूम), आणि मेडल्स, यांवरून बहुतेक सांगाडा उभा राहतो. मेडलची कड भिंगाखाली बघा, तिथे नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं. कोरीव नसेल तर ते बाजारातून घेतलेलं जोडमेडल असू शकतं. रक्षा मेडल १९६५ चं आणि संग्राम मेडल १९७१ चं. दोन्ही त्या काळात सेवेत असणाऱ्यांना सरसकट मिळाली, त्यामुळे त्यावरून ‘आघाडीवर होती’ असं लिहिता येत नाही. समर सेवा स्टार, पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार असेल तर मात्र ती युद्धक्षेत्राशी जोडलेली होती. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल असेल तर १५ ऑगस्ट १९७२ ला ती नोकरीत होती, हे पक्कं. मेडल ब्रासोने चमकवू नका. पॉलिशने कोरीव अक्षरं झिजतात आणि रिबनवर हिरवट डाग राहतात.

आता एक नाजूक जागा. नोकरी मध्येच संपलेली दिसते, आणि त्याच वर्षाची लग्नपत्रिका सापडते. घरातली माणसं सांगतात, लग्न झालं म्हणून तिने नोकरी सोडली. हे वाक्य तपासल्याशिवाय छापू नका. १९७७ च्या लष्करी सूचना क्रमांक ६१ प्रमाणे एमएनएसमधल्या बाईला लग्न झालं म्हणून सेवेतून मुक्त करता येत होतं. ती सूचना १९९५ मध्ये मागे घेतली गेली. १९८८ मध्ये अशा मुक्त केलेल्या एका अधिकारी बाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ही अट मनमानी ठरवली आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तेव्हा सेवामुक्तीच्या हुकुमातलं कारण शब्दशः वाचा. ‘सोडली’ आणि ‘काढली’ यांत त्या बाईचं अख्खं दुसरं आयुष्य दडलेलं असू शकतं. ज्या बाईला तिशीच्या आत घरी पाठवलं, तिने पुढे कान आणि लेखणी का धरली असेल, हे त्याशिवाय कळत नाही. आणि आडनाव बदलल्यामुळे सेवेचे कागद माहेरच्या नावाचे, लेख सासरच्या नावाचे, क्वचित तिसऱ्याच टोपणनावाचे असतात. तिन्ही नावं पहिल्या पानावर एकाखाली एक लिहून ठेवा.

पत्रांवर गावाचं नाव नसेल तर घाबरू नका. ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) असा पत्ता असला की ती फौजी टपालातून आलेली आहेत. ठिकाण कळू नये यासाठीच ती व्यवस्था आहे. ५६ हा पश्चिमेकडच्या तुकड्यांचा आणि ९९ हा पूर्वेकडच्या, एवढा अंदाज करता येतो. शिक्क्यातला एफपीओ (फील्ड पोस्ट ऑफिस) नंबर आणि तारीख मात्र उतरवून घ्या. पाकीट फेकून पत्र तेवढं ठेवायची सवय वाईट, कारण तारीख पाकिटावरच असते.

इथपर्यंतचं काम कंटाळवाणं वाटेल. पण बदल्यांची यादी हातात आली की तिच्या गाण्याच्या वह्या एकदम बोलायला लागतात. लष्करातली बदली दोन-तीन वर्षांनी ठरलेली. ज्या शहरात हॉस्पिटल, त्या शहराचं गाणं तिच्या कानावर पडणार. पुण्याला असेल तर डिसेंबरातला सवाई गंधर्व महोत्सव. तो १९५३ पासून चालू आहे, आणि ध्वनिवर्धकाचे नियम कडक होईपर्यंत रात्र-रात्र चालायचा. जालंधर छावणीत असेल तर देवी तलावावरचं हरिवल्लभ संगीत संमेलन, तेही डिसेंबरच्या अखेरीच्या कडाक्याच्या थंडीत आणि १८७५ पासूनच्या परंपरेचं. कोलकात्याच्या कमांड हॉस्पिटलात असेल तर जानेवारीतली डोव्हर लेन परिषद. ग्वाल्हेरला तानसेन समारोह. लखनौला भातखंड्यांनी १९२६ मध्ये उभं केलेलं संगीत विद्यालय. गावात राहून संगीत शिकलेल्या माणसाला जे ऐकायला मिळालं नसतं, ते सरकारी बदल्यांनी तिला ऐकवलं. एरवी जळगावकडच्या एखाद्या लेखिकेच्या लेखात पंजाबी अंगाच्या ठुमरीचा किंवा सरोदवादनाचा बारीक विचार कुठून आला, असा प्रश्न पडतो. उत्तर बदलीच्या हुकुमात असतं. म्हणून एका लांब कागदावर तीन रकाने आखा: वर्ष, नेमणुकीचं ठिकाण, त्या वर्षीच्या वहीत किंवा लेखात आलेलं गाणं. तिसरा रकाना आधी मोकळा राहतो, राहू द्या.

पुराव्याची छोटी चिठोरी याच रकान्यांत बसतात. वहीत खूण म्हणून ठेवलेलं रेल्वेचं तिकीट, रजेचा अर्ज, मैफलीचं निमंत्रण. आपलं भुसावळ इथे कामाला येतं. पुणे-जम्मू धावणारी झेलम एक्सप्रेस भुसावळवरून जाते, वाटेत ग्वाल्हेर आणि जालंधर छावणी लागतं. नागपूरमार्गे हावड्याला जाणाऱ्या गाड्याही याच जंक्शनवरून. सुट्टीवर येताना-जाताना कुठे उतरून गाणं ऐकलं असेल, हे तिकिटाच्या तारखा सांगतात. शनिवारी रात्रीचा आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम १९५२ पासून होता. वहीत सलग काही शनिवार कोरे आणि मग पुन्हा नोंदी, असं दिसलं तर तिची नाइट ड्यूटी कधी होती हे शोधून बघा. रोस्टर जुळलं तर दोन्ही तारखा पक्क्या होतात.

आता वह्या. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही जपणाऱ्या माणसांच्या हातून. वही झेरॉक्सच्या दुकानात काळी-पांढरी स्कॅन केली जाते. स्वर कागदावर लिहायच्या भातखंडे पद्धतीत कोमल, म्हणजे उतरलेला, स्वर दाखवायला अक्षराखाली आडवी रेघ असते. ती रेघ लाल पेन्सिलीने, हलक्या हाताने ओढलेली असली तर काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये उडून जाते. रेघ गेली की कोमल गंधार शुद्ध होतो आणि काफी थाटातली बंदिश भलत्याच रागात जाऊन बसते. म्हणून स्वरलिपीची पानं नेहमी रंगीत स्कॅन करा, ६०० डीपीआयवर. साध्या मजकुराला ३०० पुरतं.

दुसरी गफलत स्वरलिपीची पद्धत ओळखण्याची. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेल्या बाईच्या सुरुवातीच्या वह्या पलुस्कर पद्धतीत आणि नंतरच्या भातखंडे पद्धतीत असं सर्रास सापडतं. दोन्हींत खुणा त्याच, अर्थ निराळे. अक्षरावर टिंब भातखंड्यांकडे तार (वरचं) सप्तक, पलुस्करांकडे मंद्र (खालचं). अक्षरावर उभी रेघ एकीकडे तीव्र मध्यम, दुसरीकडे तार सप्तक. चुकीची पद्धत धरून टंकलेखन केलं तर अख्खी बंदिश एका सप्तकातून दुसऱ्यात उलटीपालटी होते, आणि वाचणाऱ्याला वाटतं बाईंनाच येत नव्हतं. ओळखायची सोपी युक्ती त्रितालाच्या खुणांत आहे. सोळा मात्रांखाली ×, २, ०, ३ असं असेल तर भातखंडे. १, ५, +, १३ असं असेल तर पलुस्कर. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानाला चिठ्ठी लावून ‘भा’ किंवा ‘प’ लिहून ठेवा, मगच कुणाला टाइप करायला द्या. आणि टाइप करणारा गाणं जाणणारा हवा. नसेल तर टाइप करूच नका, स्कॅन पुरेसं आहे.

कागदांना लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावात ते दहा-वीस रुपयांत होतं, म्हणून लोक जुनी पत्रं, कमिशनचा कागद, सगळं त्यात घालतात. उष्णतेने शाई फिरते आणि प्लास्टिक परत निघत नाही. सेलोटेप पिवळी पडून कागद खाते. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना गंजतात, त्या काढून टाका आणि सुती दोऱ्याने बांधा.

कॅसेटींचा विषय निराळा आहे, कारण त्यांना वेळ कमी आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ पर्यंत जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. कॅसेट माळ्यावर असेल तर आजच खाली, आतल्या खोलीत आणा, भिंतीला न टेकवता उभ्या ठेवा. त्यांच्या खोक्यात डांबरगोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेने डब्या खराब होतात. वाजवण्याआधी पाठीमागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे चौकोनी तुकडे मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जाणार नाही. मग सहा कोनांची पेन्सिल चाकात घालून सैल झालेली टेप ताणून घ्या आणि एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. आवाज घुमा, दबलेला, मधूनच जाणारा येत असेल तर टेपच्या मागची छोटी लोकरी गादी पडली आहे का बघा. पडली असेल तर पट्टी प्लेअरच्या हेडला नीट चिकटत नाही. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर ती उघडून दुसऱ्या कॅसेटची गादी बसवता येते. चिकटवलेल्या कॅसेटची टेप स्क्रू असलेल्या रिकाम्या कॅसेटीत हलवावी लागते, ते जाणत्याकडून करवून घ्या. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालूच नका, तीच बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते.

संगणकावर घेताना डब्ल्यूएव्ही फाइल करा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. घरगुती टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण पुष्कळदा मोनो असतं, तसं असेल तर मोनोतच घ्या. साठ मिनिटांची मोनो कॅसेट साधारण ५२० एमबी होते. आवाज स्वच्छ करायचा मोह आवरा. पार्श्वभूमीतला पंखा, कुकरची शिट्टी, कुणीतरी ‘मोठी माय, चहा ठेवू का’ असं विचारतं, ते सगळं राहू द्या. त्यावरून घर, वर्ष, माणसं ओळखता येतात. स्वच्छ प्रत करायचीच असेल तर निराळी करा.

७८ च्या तबकड्या असतील तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा: स्पिरिट लावू नका. परिचारिकेच्या घरात स्पिरिटची बाटली हाताशी असते आणि कापसावर घेऊन तबकडी पुसायचा मोह होतो. या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, खोबणीच्या दिशेने, आणि मधलं लेबल कोरडं. एलपीच्या सुईवर ७८ वाजवू नका, तिला साधारण ०.००३ इंचाची जाड सुई लागते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, त्यामुळे तिच्या लेखात ‘बुवांनी राग आटोपता घेतला’ असं वाक्य आलं तर तो तबकडीचा दोष असेल, गायकाचा नसेल. लेबल फाटलं असेल तर शेवटचे काही सेकंद ऐका. अगदी जुन्या मुद्रणांत गायक शेवटी स्वतःचं नाव सांगतात.

नोकरीनंतर गावी आलेल्या अशा बायकांचं सगळ्यात मोलाचं काम बहुधा इथल्या गाण्यांवर असतं, असं माझं मत आहे. श्रावणातल्या कानबाई देवीच्या रात्री, आखाजीची (अक्षय तृतीयेची) झोक्यावरची गाणी, मुलींच्या गुलाबाईची गाणी, वहीगायन हा इथला लोकगायनाचा प्रकार. ख्याल कानात मुरलेली बाई जेव्हा आखाजीचं गाणं उतरवते तेव्हा ती चाल कुठे थांबते, श्वास कुठे घेतला जातो, हेही लिहिते. छापताना या नोंदींचं मातेरं होतं ते शुद्धलेखनाने. अहिराणी या इथल्या बोलीत ‘ळ’ चा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. मुद्रितशोधक सवयीने ‘डोळा’ करतो, आणि पुढच्या ओळीतल्या यमकाशी त्याचं जुळत नाही. वहीत आहे तसंच छापा, अर्थ तळाला द्या. गाणारीचं नाव, तिचं गाव, माहेर आणि सासर दोन्ही, वहीत असेल तर गाण्याशेजारीच ठेवा. माहेर महत्त्वाचं, कारण गाणं बहुतेक वेळा तिकडून आलेलं असतं. तापीच्या अलीकडची चाल पलीकडे लग्न करून गेलेली दिसते ती याच नोंदींमुळे. बहिणाबाईंच्या कवितेचं उदाहरण आपल्या घरचंच आहे: मुलगा सोपानदेवांनी जपून ठेवलेल्या कागदांवरून त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये संग्रह आला. तिथे जपणारं कुणीतरी घरात होतं.

छापून आलेले लेख गोळा करताना कात्रणांवर तारीख नसते. पाठीमागची बाजू बघा. सिनेमाची जाहिरात, सोन्याचा भाव, निवडणुकीची बातमी, यांवरून महिना सापडतो. मग जळगावचं व. वा. वाचनालय किंवा धुळ्याचं गरुड वाचनालय अशा ठिकाणी जुने अंक आहेत का विचारा. संगीतावरचे लेख गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘संगीत कला विहार’ मासिकाच्या जुन्या अंकांतही शोधा, आणि शोधताना तिन्ही नावं घेऊन जा.

लिहिताना दोन पथ्यं पाळा. तिच्या डायरीत रुग्णांची नावं, जखमा, शेवटचे शब्द असतील तर ते नावासकट छापायचे नाहीत. त्या माणसांची घरं अजून कुठेतरी आहेत. आणि लेखांचे हक्क: लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं ते वारसांकडे असतात, तेव्हा संग्रह काढण्याआधी सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. भावंडांत एकाने सही केली नाही म्हणून तयार पुस्तकं अडून राहतात.

शेवटी प्रती. स्कॅन आणि आवाज तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घराबाहेरचं. मूळ कागद कुणाला द्यायचे असतील तर देण्याआधी यादी करून तिच्यावर पोच घ्या. आणि कानबाईची, आखाजीची गाणी जिने म्हटली त्या बाईच्या घरीही एक प्रत पोचवा. तिच्या नातवंडांकडे संगणक नसतो, मोबाईल असतो. म्हणून डब्ल्यूएव्हीची एमपीथ्री करून, फाइलला गाण्याच्या पहिल्या ओळीचं आणि गाणारीचं नाव देऊन मेमरी कार्डवर टाकून द्या.